आवाज मशीनचा नाही, मामांचा

…आणि तक्रार कसली, तर आवाजाची! आता हसू की रडू? मशीनचा आवाज शून्य! तुम्हाला सांगते, मी स्वतः कान लावून पाहिलाय. आवाज मशीनचा नाहीच हो, मशीन चालवणाऱ्या मामांचा!

थांबा, नीट सांगते. आमच्या साइटवर तळघराचं खोदकाम चाललंय, मी तिथली इंजिनिअर. भिंतीपलीकडे पाळणाघर, आणि त्यात माझीच नऊ महिन्यांची लेक. जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन पाजता येतं ना, म्हणून! आधी डिझेलचं पोकलेन होतं. ते सुरू झालं की धूर, थरथराट, आणि पलीकडे एक रडलं की अकरा रडायची. म्हणून मुलांच्या झोपेच्या वेळात, एक ते तीन, खोदकाम बंद. काम रखडलं. मग मीच शहाणी साहेबांच्या मागे लागले, "सर, बॅटरीवालं मागवू. धूर नाही, मशीनचा आवाज शून्य!" साहेब म्हणाले, "आणा. पण एक जरी तक्रार माझ्याकडे आली, तर मशीन परत, आणि उत्तर तुम्ही द्यायचं."

मशीन आलं. मामा चढले. तीस वर्षं डिझेलवर काढलेला माणूस! दोन मिनिटांत खाली.

"मॅडम, चालूच होत नाही."

"चालू आहे, मामा."

"मग बोलत का नाही?"

पुन्हा चढले, आणि बकेट आखलेली रेघ सोडून हातभर आत! मी किंचाळले. तर म्हणतात कसे, "मी कानानं खोदतो, मॅडम. इंजिन कण्हलं की कळतं खाली दगड आहे. हे मुकं काय सांगणार मला?" आणि मग काय केलं माहितीये? स्वतःच इंजिन झाले! "घुर्रर्रर्र… घ्घ्घुर्रर्र… ढक्!" मातीला वेगळा, दगडाला वेगळा! रेघ अगदी सरळ. पण आवाज? डिझेल बरं म्हणायची वेळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघरात कसलासा अर्ज फिरत होता. माझ्या एका हातात लेक, दुसऱ्यात डबा, दातांत पेनाचं टोपण… सही ठोकली. अकरा वाजता तोच अर्ज माझ्या टेबलावर! 'खोदकामाच्या असह्य आवाजाबाबत.' वरून तिसरी सही माझी! आई म्हणून केलेली तक्रार इंजिनिअर म्हणून वाचत बसले… आणि पटलीसुद्धा हो मला! वर पाळणाघरवाल्या काकूंचा फोन, "हे बघ, उद्या पुन्हा घुरघुर आली तर अर्ज थेट तुझ्या साहेबांकडे. आणि तू लेकीची सोय दुसरीकडे बघ." दुसरीकडे म्हणजे कुठे? जवळपास दुसरं पाळणाघर नाही!

मग डोकं चालवलं. दुसऱ्या साइटवर जाऊन डिझेलच्या पोकलेनचा आवाज फोनमध्ये भरून आणला. मामांचा फोन बटणांचा, म्हणून फोन माझा, इअरफोन माझे, कान मामांचे. मामा खूश, रेघ सरळ, मशीनचा आवाज शून्य! फक्त मामांना आता बाहेरचं काही ऐकू येईना, म्हणून भर उन्हात समोर लाल झेंडी घेऊन मी उभी.

दीडच्या सुमारास बघते तर मशीन थांबलेलं, आणि मामा माझ्या फोनवर हळूच, "घुर्रर्र…" काकूंचा फोन! लेक उठली होती, रडून रडून लाल. काकू शोधत होत्या मला, उचलला मामांनी. आणि तिचं रडणं ऐकून त्यांनी तिथूनच तोंडानं इंजिन सुरू केलं, काकूंनी फोन तिच्या कानाशी धरला. पोर गप्प! नुसती गप्प नाही, गाढ झोपली! मी थोपटून थोपटून हात मोडून घेते, तेव्हा डोळे टक्क उघडे असतात हो हिचे… काकूंनी अर्ज फाडला, म्हणाल्या, "पण रोज फोन लावीन हं."

आता रोज दीडला फोन येतो. मला नाही, मामांना. "मामा, जरा मऊ माती लावा. दगड नको."

काल मला राहवेना. काम थांबवलं, धावत पाळणाघर गाठलं, दारातूनच म्हटलं, "पिल्लू, आई आली…"

काकू ओठांवर बोट ठेवून आडव्या आल्या, "शूऽऽ! अगं, किती तो आवाज!"

काय करणार? मशीनचा आवाज शून्य, मामांचा चालतो… आता माझाच तेवढा बंद करायचा राहिलाय.