बारा नाही, दोन

शामसुंदर : अय्यो, वाचायचं काय त्यात सर! तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. भाग्या, शिक्का दे गं इकडं.

भाग्या : थांबा अप्पा. आधी मी वाचते.

शामसुंदर : सरांचं लेटर, आणि तू तपासणार? चार वर्षं त्यांनी तुझे पेपर तपासले, विसरलीस काय?

सुधींद्र : वाचू दे हो शामसुंदरराव. नुसती फॉर्मॅलिटी आहे. दिल्लीच्या ग्रँटला तीन कारखान्यांची पत्रं लागतात. तुमच्या या कडकोळ इंडस्ट्रियल एरियातल्या दोघांनी दिली, नंजनगूडच्या तिसऱ्यानं काल ऐन वेळी हात वर केले. आणि आज पाचला पोर्टल बंद! म्हणून सकाळी सकाळी धावत आलो.

शामसुंदर : बरं केलंत. कॉफी येतेय. बसा सर, उभे का?

भाग्या : अप्पा, इंग्लिशमध्ये गोड लिहिलंय, मराठीत सांगते. सरांच्या ट्रेनिंगमधून बाहेर पडणाऱ्या बारा मुलांना आपण दरवर्षी नोकरी देणार. आपल्या शेडमध्ये माणसं किती?

शामसुंदर : नऊ. तुला धरून.

भाग्या : आणि दरवर्षी बारा घेणार?

शामसुंदर : ते आपलं... कागदावर.

सुधींद्र : अगं, सगळे असंच लिहितात. कुणी मोजायला येत नाही.

भाग्या : आणि मागं जोडलेला हा फोटो?

सुधींद्र : तो मागच्या ग्रँटचा पुरावा. मुलांना काय फायदा झाला ते दाखवावं लागतं.

भाग्या : ही मी आहे सर.

शामसुंदर : कुठं, बघू! हौदा, खरंच की! अगदी इंजिनीअर दिसतेय. मागचं लोखंड कापायचं मशीन केवढं झकास!

भाग्या : बंद होतं ते, अप्पा. कमिटी येणार म्हणून कापड काढलं, पुसलं, मला शेजारी उभं केलं. सर म्हणाले, बटणाजवळ बोट ने, दाबू नको. चार वर्षांत त्या मशीनला मी तेवढीच शिवले. आणि दर आयुधपूजेला कुंकू लावलं.

सुधींद्र : तुला नाही कळायचं भाग्या. माझ्या सहीनं आलेलं मशीन ते. मोडलं तर चौकशी माझी, ऑडिट माझं. आठ वर्षांत एक कटर तुटू दिला नाही मी तिथं!

भाग्या : मी इथं पहिल्या आठवड्यात तीन तोडले.

शामसुंदर : चार. चौथा तू पत्र्याच्या डब्यामागं लपवलास, मला गोत्तु आहे.

भाग्या : अप्पा!

शामसुंदर : काय अप्पा? पाचवा तुटला नाही, ते सांगतोय.

सुधींद्र : तुमचं हसणं चाललंय, इथं ब्रँच बुडायची वेळ आलीय. साठ सीटमध्ये एकोणीस ॲडमिशन आहेत यंदा. मॅनेजमेंटनं स्पष्ट सांगितलं, ग्रँट आणा, नाहीतर पुढच्या जूनपासून मेकॅनिकलला नवीन मुलं नाहीत. म्हणजे दोन-तीन वर्षांत ब्रँच बंद. माझं जाऊ दे, मी कुठंतरी गणित शिकवीन. पण पहिल्या वर्षाला रम्या म्हणून एक पोर आहे, रोज पहाटे उठून रेल्वेनं येते. काल विचारत होती, सर, आपली ब्रँच राहील ना? काय सांगू तिला?

शामसुंदर : छे छे, बंद कशाला होईल! दे गं तो शिक्का. सुम्मने, उगाच वाद नको.

(भाग्या शिक्का ड्रॉवरात टाकते आणि ड्रॉवर बंद करते.)

भाग्या : रम्याला मी सांगते काय होईल ते. फर्स्ट क्लास मिळेल. मग पाच इंटरव्ह्यू होतील. पाचव्या ठिकाणी कुणीतरी लोखंडाचा तुकडा हातात देऊन म्हणेल, मॅडम, हा बांधा मशीनवर. आणि तिला बांधता येणार नाही. बाजूला आयटीआयची मुलं बघत असतील. मग ती बाथरूममध्ये जाऊन रडेल.

शामसुंदर : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

भाग्या : कसं सांगू अप्पा? फी तुम्ही भरली होती.

सुधींद्र : ... मला तरी सांगायचंस.

भाग्या : तेव्हाच तुमचा फोन आलेला ना सर. फोटो वापरू का, एवढंच विचारायला.

सुधींद्र : हं. आठवतंय.

शामसुंदर : सर, राग मानू नका. आम्ही मूळचे रंगारी. देवराज मोहल्ल्यात आजोबांचं दुकान होतं, साड्या रंगवायचे. मी सात वर्षांचा असताना त्यांनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगात बुडवले. आई ओरडली, शाळेत कसा जाईल पोरगा? गेलो तसाच, निळा! पण रंग कधी धरतो, ते मला अजून बोटांनी कळतं. मुलांचे हात स्वच्छ ठेवून कसं जमायचं सर?

सुधींद्र : मग काय, पत्र नाही देणार?

भाग्या : देणार. पण मी लिहिणार. बारा नाही, दोन. दरवर्षी दोन, नक्की. पण त्या मुलांनी प्रत्येकी चाळीस तास आपल्या हातानं मशीन चालवलेलं पाहिजे. आणि तुमच्या बजेटमध्ये एक लाइन घाला, तुटणाऱ्या कटरसाठी.

सुधींद्र : बाकीच्यांनी बारा, पंधरा लिहिलेत गं! दोन बघून कमिटी हसेल.

शामसुंदर : हसू देत की. पगार मला द्यायचाय. भाग्या, दोन जमतील ना आपल्याला?

भाग्या : जमतील. नवीन ऑर्डर आली तर तिसरा.

शामसुंदर : तिसरा लिहू नको. दोनच लिही.

सुधींद्र : आणि एवढं करून ग्रँट नाहीच आली तर?

भाग्या : मशीन आहेच की तुमच्याकडं. आठ वर्षं झाली, नवंच आहे.

सुधींद्र : ... बोलतेस मात्र! लिही. दोन लिही. तो फोटो मी काढून टाकतो, आणि मशीन कसं पडून राहिलं तेही लिहितो. नाकारतील तर नाकारतील. सोमवारपासून एकोणीसही मुलं मशीनवर. रम्यापासून सुरुवात.

शामसुंदर : भले! आता कॉफी घ्या. निवली वाटतं, परवागिल्ला, दुसरी सांगतो.

भाग्या : टाइमटेबलमध्ये मशीनच्या तासांपुढं शिकवणारा म्हणून कुणाचं नाव घालणार सर?

सुधींद्र : तेच... भाग्या, दार ओढून घे जरा. मला ते मशीन चालवता येत नाही. कंपनीवाल्यांनी अडीच तास दाखवलं, चहा प्याले आणि गेले. मोडेल म्हणून कुलूप लावतो, असं सगळ्यांना सांगत आलो. खरं सांगू? एखादं पोर म्हणेल, सर, चालवून दाखवा, याचीच धास्ती.

शामसुंदर : अय्यो सर... एवढंच ना?

भाग्या : आपल्याकडचं मशीन त्याच जातीचं आहे, थोडं लहान. अपलोडला किती वेळ लागेल सर?

सुधींद्र : अर्धा तास. आत्ता साडेअकराच झालेत.

भाग्या : मग चला आमच्या मशीनवर. घड्याळ काढून ठेवा सर. अंगठीपण.