कोऱ्या पानाखालची सही

चहा राहू द्या हो वैनी, सहीचं तेवढं बघा — शेंगा फोडा, माझं काय म्हणणं न्हाई, पण कान इकडं असू द्या. का तुमीबी बाकीच्या मेंबरांसारखंच? सरपंच होऊन दोन वर्सं झाली, एक मीटिंग — एक! — कुणी शेवटपातुर ध्यान देऊन ऐकली असंल तर शपथ. कुशाबा बसल्याबसल्या पेंगायला लागतो. अंजना लसणाची पिशवीच घेऊन येती सोलायला. आन् जानकूच्या हातात मोबाईल आल्यापासून तर इचारूच नका — ठराव चाललाय रस्त्याचा, आन् ह्यो उठून खिडकीशी. का? तर तिथंच रेंज येती! सोमवारी मीटिंग ठेवली ही माझी चूक, कबूल — बेल्ह्याचा बाजार, सगळ्यांचं चित्त बैलांत. म्हणून तर मीच नियम केला, आल्याआल्या मोबाईल घमेल्यात टाकायचे. टाकले सगळ्यांनी. माझा न्हाई टाकला. सरपंचाला अर्जंट येतो, काय करणार?

आन् सहीची आपली रीत काय हाय? आलं की कोऱ्या पानाखाली सही ठोकायची, मंग बसा न्हाईतर जावा — भाऊसाहेब, आपले ग्रामसेवक, वरचं निवांत भरत्यात. आजवर कुणाचं काय अडलं न्हाई. तुमीच येकट्या — कोऱ्यावर सही करणार न्हाई म्हणं! लई राग आला व्हता मला, खरं सांगतो. आता बघा, म्हातारी जानकाबाई इहिरीत पडली, मांडीचं हाड मोडलं, आन् उद्या तालुक्याचा सायेब चौकशीला येतोय — कठड्याचा इषय मीटिंगीत निघाला व्हता का म्हणून. पान तर भाऊसाहेबांनी भरलंय, 'इतर विषय नाहीत.' बाकी सगळ्यांच्या सह्या हायेत. तुमची जागा रिकामी. सायेब पयलं बोट तिथंच ठेवणार.

तुमी बोललाच न्हाई असं मी कुठं म्हणतोय? पण ऐकलं कुणी? कुणीच न्हाई! मंग जे कुणी ऐकलंच न्हाई ते लिहिणार कसं? 'रहाटाच्या अंगाचा कठडा सुटलाय, बाया तिथंच टेकून पाणी ओढत्यात, एखादी जाईल' — तीनदा. तिसऱ्यांदा तर उभं राहून, पदर खोचून — असं बघू नका माझ्याकडं. हां, आलं ऐकू. मी काय बहिरा हाय? आमचा पोरगा नवनाथ बाजारातनं फोनवर व्हता, खोंडाचे दात सांगत व्हता, म्हणून तुमाला हात केला, थांबा म्हणून. हातच केला ना? गप बसा तर म्हणलं न्हाई! फोन झाल्यावर इचारणारच व्हतो. मंग — मंग राहून गेलं. आन् आठ दिसांत ती म्हातारी — मला काय बरं वाटतं व्हय? बाजेवर घालून, जीपीत टाकून नारायणगावला मीच नेली तिला. सबंध वाट माझा हात सोडला न्हाई तिनं. सरपंचाचा हात हाय म्हणून धीर वाटतो म्हणाली.

जाऊ द्या. माझी खुर्ची गेली तर तुमचं काय भलं व्हणार हाय? उलट तुमच्या आळीचा नळ मीच — करताय? आता कसं! हा घ्या पेन, हितं, समद्यांच्या खाली — थांबा, नवनाथचाच हाय — हां, बोल रं! न्हाई न्हाई, कामात न्हाई, बोल तू... कंचा, पांढरा? दोन दाती का चार?... चार? मंग वशिंड नीट बघ त्याचं, चालवून बघ... झालं बघ माझंबी काम, हितं सहीच चाललीय... वैनी, सहीला येवढा येळ?... हां नवनाथ, ऐकतोय मी... वैनी, ही तिसरी ओळ कशाची?... अहो, ते काय लिहिताय तुमी?...

नवनाथ, फोन ठेव.