भुऱ्याच्या फॉर्मवर सही

हॅलो?… हॅलो, आवाज येऊन राहिला का? मी ओमेश्वरी… गोंदियालेच आहो अजून, जनावरांच्या डॉक्टरकडं. सकाळपासून लावून राहिली तुमाले, प्लान्टात फोन लागतच नाही!

हो, हो… टोपलीत आहे भुऱ्या… नाही, नाही मुतला. दोन दिवस झाले ना जी!

अजी, ऐका ना. डॉक्टर म्हणतेत, नळी टाकून आता होत नाही. दोन वर्षांत चौथ्यांदा तुंबलं. कापूनच वाट करावी लागते. नाही तं… एक दिवस, लय झालं तं दोन.

वाचेल का? तेच तं! दिल कमजोर आहे म्हणतेत. भुलीतून उठला तं उठला. म्हणून फॉर्मवर सही मागतेत.

माझी? माझी काऊन? तिरोड्याहून डब्याच्या थैलीत घालून कोणं आणला होता हा बोका?

मोठ्या भाऊजीले म्हटलं ना! मुन्नालालभाऊजी म्हणाले, मांजराची हत्या लागली तं काशीले सोन्याचं मांजर दान द्या लागते, मी नाही करत सही. अन् जाऊन बसले गाडीत.

हसता काय? तुमी करा मग! मोबाइलवर लिहून पाठवा, ऑपरेशन करा म्हणून… हॅलो? आता बरं ऐकू येत नाही तुमाले! सहीचं नाव काढलं का नेटवर्क जाते!

'तुले बरं वाटते ते कर'? मले काहीच बरं नाही वाटून राहिलं जी! सही केली तं मी मारला, नाही केली तं बी मीच मारला…

हां भैया, दो मिनट. घर पे बात कर रही हूँ.

तुमची माय? बाजूलेच आहे, बाकावर. तिनंच तं सकाळी सांगितलं, सही केली तं घरात पाय ठेवू नको… थांबा. काय म्हणता, माय?… अगं बाई!

अजी… झिंगे! वाळलेले झिंगे घाले ती त्याले, रोज, भातात कालवून. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, त्यानं मुतखडा होते म्हणून, तरी. पाकिटातलं खात नाही, उपाशी झोपते म्हणून.

नका रडू, माय… नाही, रागावली नाही… रागावली जी! पण आता कोणावर ओरडू?

माय, थांबा… माय! अजी, फॉर्म घेतला तिनं. कंपाउंडरले शाई मागून राहिली. म्हणते, माझे किती दिवस राहिले, पाप लागलं तं मले लागू दे… तुमी सांगा ना तिले! देऊ फोन?… बोला ना.

लावला… अंगठा लावला जी तिनं.

नेऊन राहिले आत. टोपली सोडत नाही ती… सोडा, माय. सोडा ना…

अजी, सुट्टी टाका अन् या… भुऱ्यासाठी नाही म्हणत मी! भाऊजी तं गाडीतून उतरत बी नाही. भुऱ्या नाही उठला तं मायले एकटी कशी घरी नेऊ मी?… हॅलो?… हॅलो?