सावलीतली खुर्ची आणि साडूचा चष्मा

...नाही, नुसता टॉवेल टाकला असता ना, तर मी एक वेळ सोडूनही दिलं असतं, पण चष्मा? उपडं पुस्तक, पुस्तकावर चष्मा, खाली चपला, त्याही अशा तिरक्या सोडलेल्या की बघणाऱ्याला वाटावं माणूस आत्ता उठलाय, हात धुऊन येतोच... आणि माणूस कुठे? खाली केबिनमध्ये पांघरूण डोक्यावरून घेऊन घोरतोय! आरामाचा दिवस हो, आरामाचा! आदल्या संध्याकाळी बोटीवर भोंग्यावरून सांगितलं होतं, उद्या बंदर नाही, सहल नाही, दिवसभर नुसता समुद्र, आराम करा. करतो ना, पण कुठे करू? कठड्यावर लोंबकळून?

हा माणूस म्हणजे माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लग्नात पहिल्या रांगेत हा, घरच्या फोटोत मधोमध हा, या बोटीवर गॅलरीची केबिन यालाच, आणि आमच्या खिडकीतून काय दिसतं, तर टांगलेली होडी. समुद्रावर येऊन समुद्र दिसत नाही, तुम्हाला सांगतो! वर बायको म्हणते, "शिका जरा भावोजींकडून." इतकी वर्षं ऐकतोय. बरं, तिचं मागणं तरी केवढं? "अहो, एक दिवस तुमच्या शेजारी बसून शांतपणे समुद्र बघायचाय, बाकी काही नको." आता सावली आणि समुद्र दोन्ही मिळेल अशी वरच्या डेकवर एकच रांग. मी उजाडता उजाडता जिना चढून, धापा टाकत पोचतो, तर रांगेतल्या मोक्याच्या खुर्च्यांवर साडू आणि साडूची बायको. म्हणजे त्यांचे टॉवेल!

तिथं एक डेकवाला फिरत असतो, बिनमाणसाचे टॉवेल उचलायचं त्याचं कामच. त्याला म्हटलं, "उचला की हे." तो पुस्तकाकडे बघतो, चष्म्याकडे बघतो, म्हणतो, "साहेब, चष्म्याशिवाय माणूस लांब जाईल कसा?" अहो, त्याच्याकडे तीन चष्मे आहेत!

मग काय, आम्ही उन्हात. पाठ भाजली, बायकोच्या नाकाचा शेंडा लाल झाला, आणि साडू अकराच्या सुमारास जांभया देत आला, खुर्चीत पसरला आणि मला म्हणतो, "काय साडूभाऊ, उन्हाची आवड दिसते." आणि बायको हसली. माझी! तिथंच ठरवलं. आज याचं उट्टं काढायचं. आराम गेला खड्ड्यात.

आता साडूचं एक मर्म आहे. केस. डाव्या कानापाशी उगवतात आणि डोक्यावरून प्रवास करून उजव्या कानापाशी चिकटवले जातात. घरात सगळ्यांना माहीत, पण कुणी बोलत नाही, आम्ही त्याला भांग म्हणतो. म्हणून हा पाण्यात कधी उतरत नाही. "सर्दी होते," म्हणतो. आणि नेमकी त्या दुपारी बोटीवरच्या पोहण्याच्या तलावावर स्पर्धा होती! पोटावर उडी मारायची, ज्याचं पाणी जास्त उडेल तो जिंकला. मी गेलो माईकवाल्या मुलीकडे, आवाजात साखर घालून म्हटलं, "ते सावलीतले गृहस्थ ना, फार लाजाळू आहेत हो, नाही नाही म्हणतील, पण मनातून खूप इच्छा आहे. सोडू नका." तिनं सोडलं नाही! भोंग्यावरून पुकारा, सगळी बोट टाळ्या वाजवतेय, साडू दोन्ही हातांनी डोकं धरून उठतोय, आणि मी... काय सांगू, लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

चढला तो फळीवर. खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि पडला हो! तो आवाज! तलावातलं निम्मं पाणी वर, आणि त्यातलं निम्मं माझ्या अंगावर! मी डोळे पुसून बघतो, तर साडू वर आलेला, टक्कल चकाकतंय आणि सगळा भांग एका खांद्यावर लोंबतोय, ओल्या झालरीसारखा. मी म्हटलं, झालं, आता हसतील. हसलेच! आणि साडूनं काय करावं? ती झालर हातात धरली आणि लोकांना हलवून दाखवली! टोपी उंचावतात तशी! बोट वेडी झाली. पहिला नंबर! बायको टाळ्या पिटत म्हणते, "बघा, भावोजी किती मोकळ्या मनाचे!" आणि साडू ठिबकत येऊन मला मिठी मारतो, डोळ्यांत पाणी, म्हणतो, "त्या मुलीनं सांगितलं मला, नाव तुम्ही दिलंत. आयुष्यभराचं ओझं उतरवलंत हो माझ्या डोक्यावरचं." आता अशा माणसावर सूड कसा उगवायचा, तुम्हीच सांगा!

आणि बक्षीस काय होतं ठाऊक आहे? सावलीतल्या त्याच रांगेतल्या दोन खुर्च्या, प्रवास संपेपर्यंत, 'विजेता' अशी पाटी लावून! अट एकच, एका तरी खुर्चीत माणूस हवा, चष्मा चालणार नाही. डेकवाला आता शहाणा झालाय. आणि साडूला बसायला वेळ कुठे आहे? बोटभर लोक हाका मारतात, फोटो काढतात, कप्तानानं चहाला बोलावलं, तो निघाला, बरोबर त्याची बायको, आणि "अहो, मीही जरा जाऊन येते, ताई एवढा आग्रह करतेय" म्हणत माझीही.

मी बसलोय. सावली आहे, वारा आहे, समोर अख्खा समुद्र आहे. शेजारची खुर्ची रिकामी. कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "विजेते कुठे गेले?" मी सांगतो, "येतीलच." आरामाचा दिवस हो, आता रोजच आरामाचा! पूर्वी जाताना तो या खुर्चीवर चष्मा ठेवून जायचा. आता मला ठेवून जातो.