पालखीचा लाल चौकोन

...आणि वर सून मलाच म्हणते, आई, तुम्ही नीट सांगितलं नाही. आता पालखी म्हणजे पालखी, त्यात नीट ते काय सांगायचं, तुम्हीच सांगा? पळसदरीला आमच्या चार खोल्या आणि घरगुती जेवण, धरणाकडे येणारी माणसं उतरतात. कोण कधी येणार ते मी आजवर ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत होते, कधी चुकलं नाही. पण सून शिकलेली. हर्षला. गुणी आहे हो, वाईट नाही बोलणार मी... तिने इंटरनेटवर आमचं पान काढलं आणि त्या पानावर महिन्याचं कॅलेंडर, स्वतः कोड लिहून. विकतचं नाही, घरचं. लोणच्यासारखं. वर म्हणाली, आई, यात आपल्याला हवं ते बदलता येतं.

बदलता येतं म्हणे.

मग आठ दिवस मी उकड मळतेय आणि ही लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी. आई, आठवडा रविवारपासून धरू की सोमवारपासून? म्हटलं, बाई, मी सोमवारी चादरी धुते, तिथून धर. आई, चौकोनांचे कोपरे गोल करू? वारांची नावं पूर्ण लिहू की एकेक अक्षर? भरलेला दिवस केशरी, रिकामा हिरवा, बंद असेल तो लाल, चालेल? खरं सांगते, एवढं तर मला माझ्या लग्नात कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणते कशी, कोडमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. मी विचारलं, मग चैत्र कितवा? ती हसली, चैत्र त्यात नसतोच आई. मीही हसले. तिथंच कळायला हवं होतं ना मला?

वर्षातला एक दिवस मागितला होता हो मी. एक. चैत्री पुनवेला माझ्या माहेरी, खालापूरकडे, गावदेवीची पालखी दारोदार फिरते आणि आमच्या दारात ओटी माहेरवाशिणीनेच भरायची असते. आई माझी ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी बसलेली, त्या दिवशी उंबऱ्याशी पाट टाकून माझी वाट बघते. एरवी मला कुठली फुरसत? म्हणून हर्षलाला म्हटलं, पालखीचा दिवस तेवढा बंद ठेव गं. तिने मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचा माझा ओटी भरतानाचा फोटो शोधला, त्याची तारीख बघितली, बारा एप्रिल, आणि घातली कोडमध्ये. आता दरवर्षी आपोआप बंद, आई, पुन्हा सांगायलाच नको. लाल चौकोनात बारीकशी पालखीसुद्धा काढली होती तिने. माझे डोळेच भरून आले, मी तारीख कुठली बघते? आणि ओट्याजवळचं कॅलेंडर, ज्यावर पुनव छापलेली असते, ते ह्यांनी केव्हाच उतरवलं होतं. आता कशाला पाहिजे म्हणे.

सोमवारी भावजयीचा, सोनुबाईचा फोन. ताई, गुरवारी येताय ना? म्हटलं, गुरुवारी काय गं? तर म्हणते, आवो, पालखी नाय का आपली? दोन एप्रिल. पुनव काय तारीख बघून येते? यंदा दहा दिवस आधीच आली. आमचं पान उघडलं तर गुरुवार केशरी. जोडून सुट्टी, चारही खोल्या, बावीस माणसं. हर्षला रडवेली झाली, आत्ता बदलते म्हणाली. बदलता येतं म्हणे... चौकोन होईल गं लाल, बावीस माणसांना काय रंग देणार? आणि तांदळाची भाकरी अजून तिच्या हाताला येत नाही, मग जाऊ कशी? ह्यांना विचारलं, तर हे सुपारी कातरत म्हणाले, "शब्द दिलाय लोकांना. देवी काय, पुढल्या साली बी येल."

देवी येईल हो. आई?

गुरुवारी दुपारी तव्यावर तिसाव्या का एकतिसाव्या भाकरीला पुन्हा फोन. मागे ढोल वाजतोय. "ताई, पालखी दारात हाय. आई कुनाला ओटी भरू देत नाय. थांबा म्हनते, माजी लेक येतेय." तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई डोकावून म्हणाली, काकू, तुमचं कॅलेंडर फार गोड आहे, तेच बघून आम्ही आलो. मी भाकरी उलटली. पालखी तरी किती थांबणार, शेवटी शेजारणीने भरली ओटी.

आणि मग उजाडला बारा एप्रिल. रविवार. तो चौकोन परत हिरवा करायचं सगळेच विसरलेले. ऐन रविवारी चारही खोल्या बंद, पान लालभडक, हे अंगणात येरझाऱ्या घालतायत, आणि सगळ्या गावात एकटी मी रिकामी. दुसऱ्या कामाला हात लावायच्या आत टमटम धरली आणि गेले माहेरी. तोरणं वाळलेली, घर सामसूम, सगळी हळदीला गेलेली. आई उंबऱ्याशीच बसली होती. पालखीचा शब्द काढला नाही तिने. माझा हात हातात धरला. मग म्हणाली, "घरात कोन नाय बघ. आलीस ती बरी आलीस, चार भाकऱ्या टाक."

सुट्टीच होती माझी. टाकल्या.