दहापैकी दहा

हुबळीच्या गाडी दुरुस्तीच्या दुकानात नीलव्वा आपल्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. समोर शिवलिंगप्पा टेबलामागच्या वीरेशशी हुज्जत घालत होता.

"अण्णा, इंजिनात दोष नाही. कॉम्प्युटर काहीच दाखवत नाही."

"मागे दोनदाही हेच म्हणालास. चढावर गाडी बंद पडतेच."

"मग कंपनीला कळवायचं."

"कळवलं. म्हणतात, दुरुस्तीनंतरच्या फोनवर तुम्हीच दहापैकी दहा गुण दिलेत, तक्रार कसली?"

"दिलेतच की तुम्ही."

"तू हात जोडलेस म्हणून! नऊ दिले तर पगार कापतील म्हणालास."

"खरंच कापतात, अण्णा. आज तुमच्या अव्वा नाही आल्या सोबत?"

"आई गेली. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेत होतो. चढावर गाडी बंद पडली. मागच्या सीटवरच गेली."

वीरेशनं टेबलावरची दुसरी किल्ली उचलली. तो नीलव्वांकडे वळला.

"अव्वा, तुमची गाडी झाली. उद्या कंपनीचा फोन येईल, तेवढं..."

"फोनचं मागाहून बघू. माझ्या सुनेला नववा महिना लागलाय. ऊठ, टेकडीच्या चढावर तू चालव. मी मागच्या सीटवर बसते."