आधी झाकण, मग फडकं

आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं जो माणूस पुसतोय, त्यालाच लोक म्हणणार, काका, घाण तुमच्यापासून येतेय? मला! अहो, मी पुसलेल्या फरशीवर पाय ठेवायला माशी लाजते आणि मी... जाऊ द्या. नाही, जाऊ कसं द्या? ऐका.

मी पुसतो. शाळा चौथीत सुटली, फडकं सुटलं नाही. आमच्याकडे एक खोली आहे, तिथे आकाशात पाठवायची यंत्रं जुळवतात. आत जायचं तर पांढरा सूट, टोपी, मास्क, हातमोजे, नुसते डोळे उघडे! वायरवाला म्हणतो, "काका, आत आपण सगळे एका आईची लेकरं दिसतो." म्हटलं, "तोंड बंद ठेव, थुंकी उडते." माझा नियम एकच. यंत्राचं तोंड उघडं असेल तर मी खाली बसत नाही. आधी झाकण, मग फडकं! पोरं कुरकुरतात, "काका, दोन मिनिटांचं पुसणं, त्यासाठी सहा स्क्रू लावायचे नि काढायचे?" लावायचे. मी बादली घेऊन दारात उभा राहतो. मला घाई नसते.

तर यंत्र कसलं? मोठ्या बाई, म्हणजे या कामाच्या प्रमुख, वयाने माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी समजावलं, "काका, पृथ्वीवर ओझोनचा थर आहे. उन्हातलं जे कातडी जाळतं, ते तो वरच्या वर अडवतो. माणसांनीच तो विरळ केला. आता भरत चाललाय की नाही, हे या यंत्राने वरून बघायचं." मी म्हटलं, "म्हणजे झाकण." बाई हसल्या. "हो काका, झाकणच!" तेव्हापासून त्या यंत्राशी माझा घरोबाच झाला म्हणा ना.

आणि यंत्र वर जायला नऊ दिवस उरले असताना साक्षीदार उलटला! साक्षीदार म्हणजे काचेची चकती, यंत्राच्या स्टँडवर गुडघ्याएवढ्या उंचीला ठेवलेली. खोलीत काही उडालं की तिच्यावर बसतं. तपासली, तर तेलाचा थर! डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. तेच आतल्या आरशावर बसलं असेल तर वर उन्हात तव्यावरच्या तेलासारखं काळं पडणार, यंत्र आंधळं होणार. कुठून आलं ते कळलं नाही तर सगळं उघडायचं, दोन महिने जायचे, आणि रॉकेट कुणासाठी थांबतं होय?

तुम्हाला सांगतो, मी पेटलो. माझ्या खोलीत तेल? वायरवाल्याच्या डोक्याला नाक लावलं. चष्मेवाल्या इंजिनियरच्या दाढीला लावलं. तो म्हणतो, "काका, हे काय?" "गप्प उभा राहा." आरसा बसवणाऱ्या मुलीला दरडावलं, "हाताला क्रीम लावतेस?" ती रडवेली, "नाही हो काका, बघा ना, हात फुटलेत." मला कसलाच वास येईना. येणार कसा? एकतीस वर्षं स्पिरिट हुंगून नाक केव्हाच मेलंय, पण हे मी कुणाला सांगतो होय!

मग बाईंनी सगळ्यांचे सूट तपासायला पाठवले. दोन दिवसांनी तीनच्या पाळीला मी पोचतो तर सगळे रांगेत उभे. बाई म्हणाल्या, "चार नंबरच्या सूटवर मलम सापडलंय. गुडघ्यांवर." चार नंबर म्हणजे मी! "मी जन्मात मलम लावलेलं नाही! मला काही दुखत नाही! आधी तुमचं मशीन पुसा!" म्हणालो आणि तडक घरी आलो.

ही भाजी चिरत होती. म्हटलं, बघ, म्हातारपणी काय आळ घेतात! हिची सुरी थांबली. "अहो..." हा 'अहो' मी चाळीस वर्षं ओळखतो. "दुपारी तुमचा डोळा लागला ना, की मी चोळते थोडं. झोपेत कण्हता हो. जागेपणी गुडघ्याला हात लावू देता का कधी?" "किती दिवस?" "दिवस कसले, दोन महिने झाले." आणि मी जगाला सांगत फिरत होतो, दुपारची झोप घ्या, पाय कसे हलके होतात बघा!

तसाच परत गेलो. सगळ्यांसमोर बोललो. "मलम माझंच. बायको लावते, मी झोपलेला असतो. तुम्हा सगळ्यांना हुंगलं, चुकलं. पोरी, तुला बोललो, तेही चुकलं." यापेक्षा जास्त मला येत नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. एकतीस वर्षं, एका डबीपायी...

बाईंनी विचारलं, "काका, यंत्राचं तोंड उघडं असताना तुम्ही कधी त्याच्याजवळ बसलात?" मी भडकलो. "मी? आधी झाकण, मग फडकं!" चष्मेवाला हळूच म्हणाला, "बाई, रोज सहा स्क्रू. मीच लावतो. शिव्या घालत." मग तोंडाजवळचा आरसा तेवढा तपासला... लख्ख! मलम त्या चकतीपाशीच अडकलं होतं. बाईंनी ओळखपत्र स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातलं. "यंत्राला तुमच्या गुडघ्यांपासून तुमच्याच हट्टाने वाचवलं हो काका." मी बाहीने तोंड पुसलं. डोळ्यांत स्पिरिट गेलं होतं.

यंत्र ठरल्या दिवशी गेलं. वरून झाकण बघत फिरतंय. बाईंनी मला लांब दांड्याचा पोछा आणून दिला, म्हणजे खाली बसायलाच नको. चष्मेवाला दिसला की दाढी पुढे करतो, "हुंगा काका." भली माणसं, दुसरं काय!

कामाच्या दिवशी मलम बंद. हिचे आभार मानावेत असं फार वाटतं. एकदा मानले, तर कपाळाला हात लावून ताप आहे का बघायला लागली. म्हणून सुट्टीच्या दुपारी मी आपला आडवा होतो आणि एक डोळा किलकिला ठेवून झोपेचं सोंग घेतो. ही डबी घेऊन शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "अहो, नियम म्हणजे नियम. आधी डोळे मिटा, मग झाकण काढते."

काय करणार... मिटतो!